अक्कलदाढ काढायची आहे, पण दातांच्या दवाखान्याची भीती वाटते. काय करावे?

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडात आडव्या अडकल्या आहेत, वर्षभरात उजवीकडची हिरडी दोनदा सुजून तोंड उघडेनासे झाले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे, तर ती खरोखर आवश्यक आहे का, हा पहिला. दातांच्या दवाखान्याची पायरी चढतानाच हातपाय गार पडतात, त्याचे काय करावे, हा दुसरा. आणि घरी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, पाहुणे येणार असल्याने हे काम जानेवारीआधी उरकावे की नंतर, हा तिसरा. मी डॉक्टर नाही. सोलापुरातच एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम पाहते आणि माझ्या खालच्या दोन्ही दाढा अशाच आडव्या होत्या, त्या इथल्याच एका ओरल सर्जनकडून काढून घेतल्या आहेत. भीती तुमच्याइतकीच होती आणि ती आता समूळ गेली आहे, असेही मी म्हणणार नाही.

आवश्यकतेविषयी थोडक्यात सांगते. आडवी दाढ दिसली की काढलीच पाहिजे, असे नसते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, ज्या अडकलेल्या दाढेला कोणताही आजार जडलेला नाही, ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये. परंतु अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा जो पदर राहतो, त्याखाली अन्न साचून वारंवार सूज आणि पू होत असेल, तर दुसऱ्या वेळेपासून ते दाढ काढण्याचे रास्त कारण मानले जाते. तुमची उजवी दाढ त्यात बसते. डावीविषयी मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की, तिच्यामुळे शेजारच्या दाढेला कीड लागते आहे का, की तिच्यावर नुसते लक्ष ठेवले तरी चालेल. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, तुमच्यासमोर लावून मुळे खालच्या नसेपासून किती दूर आहेत, हेही दाखवायला सांगावे. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. मुळे तिच्यावर चढलेली दिसली, तर सर्जन सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सांगतात आणि काही वेळा दाढेचा वरचा भाग तेवढा काढून मुळे जागीच ठेवण्याचा मार्गही निवडतात.

आता भीतीकडे वळते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. घरची माणसे “धीर धर, काही होत नाही” असे म्हणतात, त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. ‘दातांच्या डॉक्टरांची भीती’ हे एक मोठे गाठोडे असते आणि ते उघडून पाहिल्याशिवाय त्यात नेमके काय आहे, हे आपल्यालाही ठाऊक नसते. नॉर्मन कोरा या संशोधकांनी १९६९ मध्ये ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्नांची एक साधी मोजपट्टी तयार केली आणि १९९५ मध्ये तिच्या सुधारित रूपात पाचवा प्रश्न सुईचा आला. उद्या दवाखान्यात जायचे आहे हा विचार, बाहेर बाकावर वाट पाहत बसणे, ड्रिल, दातांची सफाई आणि हिरडीत दिले जाणारे इंजेक्शन, अशा पाच प्रसंगांना एक ते पाच गुण द्यायचे असतात. एकूण १९ किंवा त्याहून अधिक गुण आले, तर भीती तीव्र समजतात. मला एकूण गुणांपेक्षा ते कुठे पडले, हे उपयोगी वाटले. माझे सर्वांत जास्त गुण वाट पाहण्याला होते, सुईला त्या मानाने कमी. त्यामुळे मी सकाळची पहिली वेळ मागून घेतली आणि बाकावर तासभर बसून आतले आवाज ऐकण्याचा प्रसंगच टाळला. तुमचे गुण सुईवर पडत असतील, तर हिरडीवर आधी बधिर करणारा जेल लावण्याची आणि औषध सावकाश सोडण्याची विनंती करता येते.

हे सगळे डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर आधीच्या भेटीत सांगावे. आपल्याकडे मोठ्या माणसाने भीती वाटते असे म्हणणे कमीपणाचे समजतात आणि त्यातून पुरुष तर तोंड मिटूनच बसतात, पण सर्जनच्या दृष्टीने ही औषधांच्या ॲलर्जीइतकीच कामाची माहिती असते. मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. पुढची पायरी कोणती आहे आणि तिचे काय जाणवेल, हे प्रत्येक वेळी आधी एका वाक्यात सांगावे, ही एक. मी डावा हात वर केला की थांबावे, ही दुसरी. डावा अशासाठी की, उजवीकडे बहुधा स्वतः डॉक्टर बसलेले असतात. ही खूण नुसती ठरवून भागत नाही, ती एकदा वापरून पाहावी लागते. डॉक्टरांनी आरशाने तोंड तपासायला घेताच मी हात वर केला, त्यांनी तत्काळ आरसा बाहेर काढला आणि काही न विचारता थांबले. पुढे शस्त्रक्रियेत तो हात क्वचितच वर गेला असेल, परंतु तो वर करता येतो, हे शरीराला पटलेले होते.

भुलीच्या इंजेक्शनविषयी एक गोष्ट घाबरणाऱ्या प्रत्येकाला आधीच कळायला हवी. दातांच्या कामासाठी बहुधा लिग्नोकेन वापरतात आणि त्यात थोडे ॲड्रिनालिन मिसळलेले असते, कारण त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, भूल जास्त वेळ टिकते आणि रक्तस्राव कमी होतो. तेच ॲड्रिनालिन थोडेसे रक्तात उतरले की छातीत एकाएकी धडधड होते, हात थरथरतात, आणि आधीच घाबरलेला माणूस समजतो की आपल्याला काहीतरी भयंकर होऊ लागले आहे. ही धडधड औषधाची असते आणि काही मिनिटांत ओसरते. मला हे आधी सांगितलेले असल्यामुळे मी छतावरच्या दिव्याकडे पाहत सावकाश श्वास सोडत राहिले आणि ती खरोखरच ओसरली. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास, तसेच रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, ते आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सुई किंवा रक्त पाहून ज्यांना घेरी येते, त्यांची गोष्ट वेगळी. साध्या भीतीत नाडी आणि रक्तदाब वाढतात, तर घेरी येताना रक्तदाब एकदम खाली येतो. म्हणून अशा माणसाला नुसते अंग सैल सोडायला सांगणे उपयोगाचे नाही. त्याने मांड्या, पोट आणि दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडावेत आणि थोड्या वेळाने पुन्हा तसेच करावे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी ही पद्धत रूढ केली. घरी खुर्चीत बसून तिचा सराव सहज करता येतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दुखते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की, दुखत नाही, पण जाणवते. भूल वेदना थांबवते, दाब पूर्णपणे थांबवत नाही. अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाल्यावर डॉक्टर टोकदार उपकरणाने हिरडी टोचून पाहतात. तिथे टोचल्यासारखे वाटले, तर संकोच न करता सांगावे, आणखी भूल देता येते. मग हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात, दाढेभोवतीचे थोडे हाड ड्रिलने काढतात, आडव्या दाढेचे दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक तुकडा बाहेर घेतात. त्या वेळी जबडा ढकलला जातो आणि आत ‘कट्’ असा आवाज येतो. तो आवाज हवेतून न येता हाडातून थेट कानात पोहोचतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा मोठा भासतो. माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात गेले आहे, आवाजाचे मला काही वाटत नाही, अशी माझी समजूत होती; पण तो ‘कट्’ ऐकून मीसुद्धा दचकले. तो दाढेचा तुकडा असतो, जबड्याचा नव्हे, हे आधीच मनाशी धरून ठेवावे. कानात इअरफोन घालायचे असतील, तर परवानगी घेऊन एकाच कानात घालावेत, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे ऐकू येते.

हिरडी सुजलेली असताना “आत्ताच काढून टाका” असा आग्रह धरू नये. सुजलेल्या, आम्ल झालेल्या भागात भूल नीट लागत नाही आणि “भूल देऊनही दुखले” असे जे अनुभव कानावर येतात, त्यांतल्या काहींचे मूळ इथेच असते. आधी स्वच्छता आणि औषधे, मग शस्त्रक्रिया, हा क्रम योग्य आहे. एवढे करूनही खुर्चीत बसणेच अशक्य वाटत असेल, तर गुंगीचे औषध, लाफिंग गॅस किंवा रुग्णालयात पूर्ण भूल हे पर्याय आहेत. ते प्रत्येक दवाखान्यात नसतात, म्हणून आधी फोन करून विचारावे. गुंगी किंवा पूर्ण भूल घ्यायची असेल, तर उपाशी राहण्याविषयी डॉक्टर सांगतील तसे करावे आणि सोबत माणूस न्यावा. फक्त जागेवरची भूल असेल, तर मात्र पोटभर खाऊन जावे, कारण उपाशीपोटी घेरी लवकर येते. शेजाऱ्याकडची झोपेची गोळी घेऊन जाणे हा उपाय नव्हे.

नंतरच्या दिवसांत खरी परीक्षा जिभेची असते. जखमेवर ठेवलेला कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढू नये, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तिथले पांघरूण असते. पहिल्या दिवशी टॉवेलात बर्फ गुंडाळून गालावर थोडा थोडा वेळ धरावा, चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार खळखळावे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, तेव्हा आरशात पाहून घाबरू नये. सोलापूरच्या माणसाला सांगायची गोष्ट म्हणजे शेंगाची चटणी आणि कडक भाकरी या दोहोंना काही दिवस रजा द्यावी. चटणीचा भुगा खड्ड्यात असा जाऊन बसतो की, तो काढायला जाताना जखम उघडते. गार केलेली ज्वारीची आंबील, दहीभात, पातळ खिचडी यांवर माझे छान निभावले. तंबाखू, मावा, मिसरी, सिगारेट यांपैकी काही चालू असेल, तर ते या काळात पूर्ण बंद ठेवावे, यात तडजोड नको. गुठळी निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात आणि धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो. तसे झालेच तर घरी सोसत बसू नये. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि कळ बरीच कमी होते. ताप, गिळायला त्रास, गळ्याकडे उतरणारी सूज किंवा न थांबणारे ताजे रक्त दिसले, तर रात्र असली तरी संपर्क साधावा. ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर तेही कळवावे. बहुतेकांमध्ये तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होत जातो, पण त्याची नोंद झालेली बरी.

दोन्ही बाजू एकदम काढाव्यात का, यावर सर्जनची मते वेगळी असू शकतात. माझे मत असे की, भीती मोठी असेल, तर आधी त्रास देणारी उजवी तेवढी काढावी, म्हणजे डावीकडून खाता येते आणि एकदा निभावले की पुढच्या वेळी मनाची तयारी वेगळीच असते.

राहिला गड्ड्याचा प्रश्न. टाके साधारण आठवड्याने काढतात आणि तोंड नीट उघडायला त्यापुढेही काही दिवस लागू शकतात, शिवाय हिरडीतला खड्डा भरायला आणखी वेळ जातो. यात्रेच्या तोंडावर दाढ काढली, तर अगदी त्याच सुमारास घरात भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिळगूळ असणार, आणि तीळ हा त्या खड्ड्याला शेंगदाण्याच्या भुग्याइतकाच नकोसा पाहुणा. पाहुण्यांचा स्वयंपाक, नंदीध्वजांच्या मिरवणुकीची धावपळ आणि सुजलेला गाल हे एकत्र करू नये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेळ मिळाली, तर तेव्हा उरकावे, नाहीतर यात्रा होऊ द्यावी आणि जानेवारीच्या शेवटी करावे. त्याआधी हिरडी पुन्हा सुजली, तर मात्र यात्रेची वाट न पाहता औषधासाठी जावे. ओपीजी काढणे आणि डॉक्टरांशी बोलणे यासाठी तर कशाचीच वाट पाहण्याची गरज नाही. त्या भेटीत तोंडात सुई जात नाही, हे ठरवूनच वेळ घ्यावी आणि फोनवर तसे सांगूनही ठेवावे.