ताटाखालचा लाल ठिपका

प्रश्न: माझा भाचा १५ वर्षांचा, नववीत आहे. नणंद आणि तिचे यजमान गेले तेव्हापासून तो आमच्याकडेच. जन्मापासून एचआयव्ही आहे, त्याला ते ठाऊक आहे. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांची, डबी मी स्वतः मोजते, गोळ्यांचा हिशेब दर महिन्याला जुळतो. तरी या वेळी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, १८,००० च्या वर आला, गेल्या वर्षी काहीच नव्हता. शाळेत पोरं त्याला ‘एड्स’ म्हणून हाका मारतात, बाकावर शेजारी बसत नाहीत. कुणाला कसं कळलं देव जाणे! माझी मुलगी त्याच शाळेत सातवीत आहे. आम्ही त्याला काही कमी करत नाही. खबरदारी म्हणून ताट-पेला तेवढा वेगळा, खाली नेलपॉलिशची खूण केलीय. रात्रीची गोळी तो मागच्या पडवीत घेतो, आल्या-गेल्याला दिसायला नको. मला बीपी आहे, हे टेन्शन झेपत नाही. कायदा आहे म्हणतात, शाळेवर केस करू का?
– एक मामी, मालवण तालुका

मामी, शाळेचं मागाहून बघू. आधी ते ताट.

कसं कळलं ते देव जाणे, म्हणता. देवाला कशाला मध्ये घालता? तुमची सातवीतली लेक रोज पानं घेताना ताटं उलटी करून बघते, ठिपका दिसला की ते ताट बाजूला ठेवते. एखाद्या मैत्रिणीला तिनं ते सांगितलं असेल, तर खोटं काय सांगितलं? तिला ओरडू नका. बाकावर शेजारी न बसणारी पोरं तुमच्या घरातली रीतच पुढे चालवतायत.

एचआयव्ही उष्ट्यातून पसरत नाही. ताट, पेला, संडास, विहिरीचं पाणी, डास, यातल्या कशानेच नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, वापरलेल्या सुईतून आणि औषध न मिळालेल्या आईकडून बाळाला. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश, आणि ते तर घरातल्या प्रत्येकाचंच वेगळं असायला हवं. चतुर्थीला चाकरमानी आले की तो सगळ्यांबरोबर केळीच्या पानावर जेवतो ना? मग एरवीच खबरदारी कसली?

कायदा आहे, खरंय. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रणाचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेत भेदभाव करायला त्यात मनाई आहे, संमतीवाचून कुणाचा आजार फोडायलाही. पण त्याच कायद्यानं अशा माणसाला राहत्या घरातल्या सगळ्या सोयी भेदभावाशिवाय वापरण्याचा हक्क दिलाय. केसच करायची म्हटली तर पहिली नोटीस तुमच्या दारावर लागेल.

आता गोळ्या. हिशेब जुळतो म्हणजे गोळी डबीतून बाहेर पडते, एवढंच कळलं. पुढे ती पोटात जाते की माडाच्या आळ्यात, हे मोजून कसं कळणार? त्याच्या वयाच्या मुलांना सरकारी एआरटीत बहुधा रोज एकच गोळी असते, टीएलडी. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. यातल्या डोल्युटेग्रॅव्हिरला विषाणू सहजासहजी निर्ढावत नाही. म्हणून लोड असा एकदम चढला की पहिला संशय गोळी चुकण्याचाच. दुसरा संशय लहान, पण तपासा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध आणि टीएलडी पाठोपाठ घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर अंगी लागत नाही. टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची.

मला मात्र तुमची पडवी दिसते. अंधारात, एकट्यानं, खूण केलेल्या पेल्यातून. दिवसभर ज्या नावानं पोरांनी हाका मारल्या, तेच रात्री पाण्याबरोबर गिळायचं. १५ वर्षांचं पोर ती गोळी भिरकावणारच.

तेव्हा आज रात्री तो ठिपका रिमूव्हरनं पुसा. तुम्ही पुसा, त्याला सांगू नका. ताटं मांडणीत मिसळून टाका. जेवणं झाली की सगळे बसलेले असतानाच त्यानं त्याची गोळी घ्यावी, तुम्ही तुमची बीपीची. तुमची सकाळची असेल तर दोघांचीही चहाबरोबर चालेल. टीएलडीला जेवणाआधी-नंतरचं पथ्य नाही, वेळ मात्र रोज तीच हवी. रात्री घेऊन झोप उडत असेल तर सकाळच बरी.

डबी मोजणं बंद. ‘घेतलीस ना?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘या आठवड्यात किती राहिल्या?’ असं विचारा, आणि दोन राहिल्या म्हणाला तर आवाज चढवू नका. राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची. पुढचीला ४ तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. आणि गोळ्या मूळ डबीतच राहू द्या, आतली सिलिकाची पुडी फेकू नका. आपल्याकडच्या पावसात कागदात बांधलेली गोळी ओल धरते.

लोड १,००० च्या वर गेला की एआरटी सेंटरवर दर महिन्याला समुपदेशन होतं, आणि गोळ्या नीट चालल्या की ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही खाली आला नाही तर औषधं बदलायचा विचार करतात. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.

शाळेत जा, पण त्याला विचारून. पोरं काय म्हणतात, कोण म्हणतं, ते मुख्याध्यापकांना सांगा. त्याला आजार आहे की नाही, हे सांगायला तुम्ही बांधील नाही. अडलात तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आणि सेंटरच्या पुढच्या तारखेला काउन्सेलरच्या खोलीत त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही बाहेर बाकावर थांबा. गोळ्या कुठे गेल्या ते तो तिथेच सांगेल, तुमच्यासमोर नाही.