आई-वडिलांसाठी 'लाँग टर्म केअर'ची पॉलिसी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ७४, आई ६९, दोघंच नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात आणि तुम्ही पुण्यात. वडिलांना मधुमेह आणि बीपी आहे, हल्ली उठताना-चालताना तोल जातो. एजंटने 'लाँग टर्म केअर'चं, म्हणजे घरी दीर्घकाळ सांभाळायच्या खर्चाचं, कव्हर असलेली पॉलिसी सुचवली आहे. घ्यावी का?

घाई करू नका. त्या पॉलिसीचं रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एजंटकडून पूर्ण 'पॉलिसी वर्डिंग', म्हणजे सगळ्या अटी-कलमांची प्रत, मागवा. त्यातल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'एक्सक्ल ०५' (Excl05) हा कोड शोधा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेलं हे प्रमाण कलम आहे. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: आंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडायला-फिरायला मदत करणं असली वैयक्तिक देखभाल घरी असो वा नर्सिंग होममध्ये, प्रशिक्षित नर्सने केली असो वा साध्या मदतनीसाने, तिचा खर्च मिळणार नाही. तुम्हाला नेमका हाच खर्च भरून हवा आहे. हे कलम तसंच असेल आणि त्याला छेद देणारं कव्हर पुढे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नसेल, तर एजंट तोंडी काहीही सांगो, तुम्ही साधी हॉस्पिटलची पॉलिसीच घेत आहात.

जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून सांभाळाचा विमा सरकारी आणि सक्तीचा आहे. जपानमध्ये वयाच्या चाळिशीपासून हप्ता सुरू होतो. अमेरिकेत खासगी पॉलिसी मिळतात. तिथे आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण या सहांपैकी दोन गोष्टी माणसाला स्वतःच्या स्वतः जमेनाशा झाल्या की पैसे सुरू होतात, तेही बहुतेकदा ९० दिवस थांबल्यावर. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. आपला आरोग्य विमा हॉस्पिटलच्या खाटेचे पैसे देतो, घरी सांभाळणाऱ्या हातांचे देत नाही. सगळं नियोजन हे धरून करा.

'होम केअर ट्रीटमेंट' या शब्दांनीही बरेच जण फसतात. एरवी हॉस्पिटलात करावे लागले असते असे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी करणं, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभर वडिलांजवळ बसणारे पगारी मामा किंवा मावशी त्यात येत नाहीत. मात्र डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांत, बऱ्याच पॉलिसींत ६०, त्याच आजाराची फिजिओथेरपी बसू शकते. त्यासाठी डॉक्टरांच्या लेटरहेडवर किती दिवस आणि कशासाठी हे लिहून घ्या आणि फिजिओथेरपिस्टकडून तारखेनिशी पावत्या घ्या. चिठ्ठी नसली की क्लेमचा हा भाग हमखास कापला जातो.

हॉस्पिटलच्या बाजूने वडिलांची सोय फुकटात होण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर हॉस्पिटलचे उपचार मोफत, वर्षाला ५ लाखांपर्यंत, मधुमेह-बीपीसकट, पहिल्या दिवसापासून. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. वय आधार कार्डावरचंच धरतात, म्हणून तिथे जन्मसाल चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशिन ते घेत नाही. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. कार्ड काढून झालं की गंगापूर रोड, मुंबई नाका, नाशिकरोड अशा तुमच्या सोयीच्या भागातल्या हॉस्पिटलला 'तुमच्याकडे ही योजना आहे का' एवढंच विचारू नका. 'खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनला आहे का, पक्षाघाताला आहे का' असं विचारा, कारण हॉस्पिटलला मान्यता उपचारांच्या प्रकारानुसार वेगवेगळी असते. ओपीडी आणि रोजची औषधं यात येत नाहीत. आईंना सत्तरी पूर्ण होईपर्यंत राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा.

खासगी पॉलिसी घ्यायचीच असेल तर आता वयाची अडचण उरलेली नाही. २०२४ पासून ६५ वर्षांची अट गेली, आणि आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. एजंटच्या कोटेशनमध्ये तो दिसत असेल तर हिशेब नव्याने मागा. फॉर्मवर मधुमेह, बीपी आणि हा तोल जाण्याचा त्रास, तिन्ही लिहा. 'ते लिहिलं तर हप्ता वाढेल' असं कोणी म्हणालं तरी लिहाच. लपवलेला आजार नेमका मोठ्या क्लेमच्या वेळी बाहेर येतो. खोलीभाड्याची मर्यादाही तपासा. मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची घेतली, तर फरक फक्त ३,००० चा पडत नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर असे सोबतचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च २ लाख झाले असतील तर हाती १ लाख २५ हजार येतात.

आता घरच्या सांभाळाचा पैसा. माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोंचे दर ब्यूरोगणिक बदलतात, म्हणून तुमच्या भागातल्या दोन-तीन ठिकाणी विचारून मग हिशेब मांडा. समजा १२ तासांचे ७०० रुपये ठरले. एका पाळीचे महिन्याला २१,००० आणि दिवस-रात्र दोन पाळ्यांचे ४२,००० होतात, म्हणजे वर्षाला ५ लाख ४ हजार. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. याच्या शेजारी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ठेवून बघा. एका व्यक्तीला कमाल ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० व्याज येतं, करपात्र. म्हणजे पूर्ण ३० लाखांच्या व्याजातून एक पाळीही पुरती भागत नाही. माझ्या मते एजंटने सांगितलेला हप्ता दरवर्षी भरण्यापेक्षा तीच रक्कम 'सांभाळ निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकणं शहाणपणाचं. या निधीतून हॉस्पिटलचं बिल भरू नका, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी तो संपलेला असतो, आणि खरा खर्च सुरू होतो तो त्या दिवसानंतरच.

एवढा पैसा जमवूनही घरं अडकतात ती सहीपाशी. वडिलांच्या एकट्याच्या नावावर एफडी आहे, तुमच्याकडे मुखत्यारपत्र आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. स्मृतिभ्रंशात किंवा मोठ्या पक्षाघातात ते कामाला येत नाही, आणि पालकत्वासाठी कोर्टात जावं लागतं. वडील आज नीट सही करतात, तेव्हा आजच बचत खातं आणि एफडी दोघांच्या किंवा तिघांच्या नावे करून 'त्यांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सूचना द्या. एफडी मुदतीआधी मोडायची मुभाही त्याच अर्जात लिहून घ्या. माणूस शुद्धीवर आहे पण हात चालत नाही, एवढंच असेल तर बँक अंगठ्याचा ठसा घेते, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. शाखेत कुणाला ठाऊक नसेल तर लेखी मागणी करा.

माणूस ठेवायची वेळ आली तर ब्यूरोला नुसतं 'अनुभवी द्या' म्हणू नका. आजारी माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घेतात ते करून दाखवायला सांगा. काखेत हात घालून ओढलं तर म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो, निखळूही शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरून उठवतात. माणूस अंथरुणाला खिळला तर दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि भिंतीवर कागद लावून वेळ लिहायची. एअर बेड आणला म्हणून हे चुकत नाही. दिवसातून एकदा माकडहाडाची जागा, टाचा आणि खुबे उजेडात बघा. लालसर किंवा काळपट डाग बोटाने दाबून सोडल्यावरही फिका पडत नसेल, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. तिथे मालिश करू नका, मधे भोक असलेली रिंग देऊ नका, त्या जागेवरचा भार काढा. खुब्यावर सरळ कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवा. पर्यायी माणूस कोण, हे ब्यूरोकडून लेखी घ्या. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडचे रस्ते बंद राहतील. मावशी तिकडून येणार असतील तर त्या दिवसांची सोय आधीच ठरवा.

तुमच्या बाबतीत या सगळ्याच्या आधी करायचं काम मात्र वेगळं आहे. वडिलांचा तोल जातोय, आणि खुब्याचं हाड मोडलं की वर लिहिलेला सगळा खर्च एकदम दारात उभा राहतो. पुढच्या खेपेला घरी गेलात की बाथरूमपासून सुरुवात करा. फ्लॅटमधल्या बाथरूमचं दार बहुतेकदा आत उघडतं. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि आईंना बाहेरून ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्या आणि कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. कमोडशेजारी आणि शॉवरजवळ दांडे भिंतीत अँकर फास्टनरने पक्के करा. रबरी कपने चिकटणारे ऐन वेळी निसटतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा, आणि वाटेतली पायपुसणी काढून टाका.

मग दोन चाचण्या घरीच करा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, फिजिओथेरपिस्टकडून तोल आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम सुरू करा. दुसरी बीपीची: पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं असताना वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर चक्कर कशाने येते याचा मोठा धागा हाती लागला. आकडे तारखेसह लिहा आणि सगळ्या गोळ्या, झोपेची गोळी असेल तर तीही, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. कोणती गोळी बदलायची, कोणती कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही परस्पर कुठलीही बंद करू नका.