पुस्तक दिलं की तोंडातच घालतो!

१४ महिन्यांच्या मुलाचे आईवडील भेटायला आले. आईची तक्रार अशी : "रोज पुस्तक घेऊन बसते, पण हा एक पानसुद्धा धड ऐकत नाही. ओढतो, चावतो, मिनिटभरात उठून जातो. नात्यातली याच्याच वयाची मुलगी कार्डांवरची चित्रं ओळखते. हा मागे पडलाय का?" वडिलांनी अक्षरओळखीचं अ‍ॅपही मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं.

आधी वाढीची चौकशी केली. हाक मारली की वळतो, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो, दोन-तीन शब्द बोलतो, "चेंडू आण" म्हटलं की आणतो. म्हणजे काळजीचं काही नव्हतं. मग आईला तिथेच पुस्तक वाचायला सांगितलं आणि अडचण लगेच दिसली. पुस्तक तिने घट्ट धरलेलं, प्रत्येक ओळ वाचून संपवायचीच असा आग्रह, मुलाने पान उलटायला हात घातला की तो बाजूला सारायचा. वर "हे काय? याचा रंग कोणता?" असे लागोपाठ प्रश्न. उत्तराला मात्र उसंत नाही.

या वयात पुस्तक संपवायचं नसतं, त्यावरून मुलाशी बोलायचं असतं. तोंडात घालणं ही वस्तू समजून घेण्याची त्याची रीत आहे. एकदम दोन-तीन पानं उलटली जातात, कारण पातळ कागद एकेक सुटा करण्याइतकी बोटं अजून तयार नसतात. त्याला पुस्तकात रस नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल असलेली, एका पानावर एकच ठळक चित्र असणारी पुस्तकं घ्यावीत.

आईला सांगितलं ते असं. टीव्ही बंद, मोबाइल नजरेआड. मूल भुकेलं किंवा पेंगुळलेलं असताना बसू नका, झोपून उठल्यावर ते ताजंतवानं असतं. मांडीवर जरा तिरकं बसवा, म्हणजे त्याला पान आणि तुमचा चेहरा दोन्ही दिसेल. पुस्तक त्याच्या हाती द्या. तो ज्या चित्राकडे बघेल किंवा बोट ठेवेल, त्याचंच नाव घ्या आणि मनात पाचपर्यंत मोजत गप्प राहा. ही शांतता मोठ्यांना फार जड जाते, पण लहान मुलाला प्रतिसाद जुळवायला तेवढा वेळ लागतो. तो "भू" म्हणाला तर "हो, भूभू! भूभू पळतोय" असं त्याचंच बोलणं थोडं वाढवून परत द्या. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढं भरपूर झालं. तेच पुस्तक दहाव्यांदा आणलं तरी कंटाळू नका, शब्द पक्के होतात ते अशा आवर्तनांतूनच. चार-पाच पुस्तकं त्याच्या हाताला येतील अशा टोपलीत ठेवा. तो उठून गेला तर जाऊ द्या, मागे धावून बसवलं की पुस्तकाचा राग येतो.

कार्डांची तुलना तर सोडूनच द्यावी. चित्र बघून नाव सांगणं चांगलंच, पण पुढच्या वाचनाचा पाया त्याहून मोठा आहे : भरपूर शब्द कानावर पडणं, बडबडगीतांतून ध्वनींचे फरक कळणं, गोष्टीत पुढे काय होईल याची उत्सुकता वाटणं. अक्षरं नंतर येतील. अ‍ॅपबद्दल वडिलांना स्पष्ट सांगितलं : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार १ वर्षाच्या मुलांना स्क्रीन देऊच नये, २ वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त १ तास. बैठ्या वेळेत मोठ्यांसोबत वाचन आणि गोष्टी असाव्यात, असंही त्यात म्हटलं आहे. रात्रीचं पुस्तक वडिलांनी आपल्याकडे घेतलं.

"जन्मापासून वाचायला हवं होतं का?" हा आईचा पुढचा प्रश्न. जन्मापासून सुरू करता येतंच. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं आणि ओळखीचा आवाज हवा असतो. पण १४ व्या महिन्यात सुरुवात केली म्हणून उशीर झाला, असं मुळीच नाही.

पुढच्या भेटीत कळलं, मुलगा आता स्वतःच पुस्तक आणून मांडीवर बसतो. दोन पानांनंतर अजूनही उठतो, आणि आई त्याला जाऊ देते.

मात्र १२ महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोटाने दाखवणं नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेलं बोलणं थांबलं असेल, तर पुस्तकांवर विसंबून वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि श्रवणचाचणी आधी करून घ्यावी.