गणवेश शाळेचा, पण दुकान कुणाच्या पसंतीचं?

प्रश्न: माझी दोन्ही मुलं सीबीएसईशी संलग्न असलेल्या महाराष्ट्रातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत आहेत. यंदा शाळेने गणवेश बदलला. शर्टाच्या खिशावर आणि कॉलरवर शाळेचा मोनोग्राम आहे आणि तो शर्ट एकाच पुरवठादाराकडे मिळतो. शाळेच्या हॉलमध्येच त्याचं काउंटर लागलं होतं. नुसता शर्ट मागितला तर ‘पूर्ण सेटच घ्यावा लागेल’ म्हणाले. मुलीच्या स्कर्टचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, मुलाचा शर्ट आखूड झाला. परत न्यायला गेले तर ‘विकलेला माल परत घेत नाही’. पावती म्हणून एक चिठ्ठी दिली आहे, तिच्यावर ना दुकानाचं नाव ना तारीख. मग मुलासाठी शिंप्याकडून त्याच रंगाचा शर्ट शिवून घेतला, तर त्याला दोन दिवस प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर उभं केलं. शाळेवर ग्राहक मंचात केस करावी का? मुलांना त्रास होईल याची भीतीही वाटते.

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात एक भांडण नाही, तीन आहेत. मुलाला रांगेबाहेर उभं केलं हे एक, दुकान बांधून दिलं हे दुसरं आणि रंग गेलेला स्कर्ट हे तिसरं. तिन्ही एकाच अर्जात कोंबलीत तर शाळा दुकानदाराकडे बोट दाखवेल, दुकानदार शाळेकडे, आणि तुम्ही मधल्या मधे फेऱ्या माराल.

मुलाचं आधी बघू, कारण ते थांबू शकत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. गणवेश कुठून घेतला हा पालकांचा निर्णय, त्याची शिक्षा सगळ्यांदेखत मुलाला देणं या कलमाच्या कक्षेत येतं असंच मी मांडेन. मुख्याध्यापकांना चार ओळींचा ईमेल करा: कोणत्या दोन तारखा, कुणी उभं केलं, मुलाने घरी काय सांगितलं. आणि एवढंच लिहा की गणवेशाबाबत काहीही म्हणायचं असेल तर ते आम्हा पालकांना लेखी कळवावं, मुलाला वर्गापासून किंवा प्रार्थनेपासून वेगळं ठेवू नये. भाषा सौम्य ठेवा. धमकी नको, ‘कोर्टात खेचेन’ तर मुळीच नको. हा ईमेल उद्या बालहक्क संरक्षण आयोगापुढे ठेवायची वेळ आली, तर वाचणाऱ्याला तुम्ही समंजस वाटायला हव्यात. बहुतेक वेळा ती वेळ येत नाही. लेखी तक्रार पोचली की वर्गशिक्षकांचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता दुकानाचं. गणवेश असावा का, कोणत्या रंगाचा असावा, खिशावर काय असावं हे ठरवायचा अधिकार शाळेला आहे, त्यावर वाद घालू नका. पण तो कुठून घ्यायचा हे शाळेने ठरवायचं नसतं. शैक्षणिक साहित्य शाळेतूनच किंवा ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती करू नये, असा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाचा २००४ सालचा शासन निर्णय आहे. सीबीएसईनेही २०१७ मध्ये संलग्न शाळांना परिपत्रक काढून वह्या, गणवेश, बूट, दप्तर ठरावीक विक्रेत्यांकडून घ्यायला लावण्याबद्दल खडसावलं होतं. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण शाळेचे वकील ती काढतीलच. शाळेच्या आवारात गणवेश विकायला बोर्डाने घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. त्यामुळे ‘हॉलमध्ये काउंटर का लावलं’ हा तुमचा मुद्दा होऊ शकत नाही. काउंटर लावू द्या. तुमचा मुद्दा ‘तिथूनच घ्या’ या शब्दातल्या ‘च’चा आहे.

तो ‘च’ कागदावर कुठे आहे ते शोधा. पालकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज, डायरीतली सूचना, परिपत्रक, काहीही. शाळा हल्ली हुशार झाल्यात, असं लेखी देत नाहीत. तोंडी सांगितलं असेल तर तुम्हीच लिहून विचारा: ‘आपल्या कार्यालयात आम्हाला असं सांगण्यात आलं की गणवेश अमुक पुरवठादाराकडूनच घ्यायचा आहे. हे बरोबर आहे का? नसल्यास कापडाचा प्रकार, रंगाचा नमुना आणि मापाचा तक्ता द्यावा, म्हणजे आम्ही अन्यत्र शिवून घेऊ.’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा मुख्याध्यापक मला अजून भेटायचा आहे. ‘नाही’ म्हणाले की तुमचं निम्मं काम झालं. उत्तरच आलं नाही, तर तेही शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवता येतं.

खरी गोम मोनोग्रामात आहे. शाळा म्हणेल, आम्ही दुकान सक्तीचं केलेलंच नाही, पण बोधचिन्ह आमच्या मालकीचं आहे, ते कुणालाही छापू कसं देऊ? यात तथ्य आहे. बोधचिन्ह नोंदणीकृत असेल तर ते धंद्यात विनापरवाना वापरणं व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार उल्लंघन ठरू शकतं. तुमच्यापेक्षा तुमचा शिंपी त्यात अडकेल, कारण कपडे शिवणं हा त्याचा धंदा आहे. म्हणून त्याला मोनोग्राम काढायला सांगू नका. त्याऐवजी शाळेकडे मोनोग्रामची सुटी पट्टी मागा, जी कुठल्याही साध्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर शिवता येईल. चिन्हावरचा हक्क शाळेकडे राहतो आणि कापडावरची मक्तेदारी जाते. पट्टी द्यायला नकार देण्याचं पटण्याजोगं कारण सांगणं अवघड आहे आणि नकार दिलाच, तर चिन्हाचं निमित्त करून शर्टाचा बाजार चालवला जातोय हे आपोआप उघड होतं.

हीच मागणी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतही न्या. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार या समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि ही निवड चिठ्ठ्या टाकून होते. तुमच्या मुलांच्या इयत्तांचे प्रतिनिधी कोण आहेत ते विचारा. माहीत नसेल तर तेच आधी विचारण्यासारखं आहे. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये खासगी शाळांना सांगितलं होतं की गणवेशासाठी किमान पाच दुकानांची यादी लावा आणि किमान तीन वर्षं रंग-नमुना बदलू नका. तो आदेश आपल्याकडे लागू नाही, पण बैठकीत ठरावाचा मसुदा म्हणून मांडायला काहीच हरकत नाही.

समितीतही दाद मिळाली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा आणि प्रत बोर्डाच्या विभागीय कार्यालयाला पाठवा. दहा-पंधरा पालकांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. एकट्या आईचं पत्र फायलीत जातं, पंधरा सह्यांचं पत्र टेबलावर राहतं. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात विचारा की तक्रारीवर काय कार्यवाही झाली. शाळा खासगी असली तरी शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय सरकारी आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणं त्याला भाग आहे.

बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ग्रुपवर कुणीतरी सुचवेलच. एकाच विक्रेत्याशी केलेला करार स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये बसू शकतो. पण तो आयोग बाजारावर काय परिणाम झाला ते तपासतो. तुमचे पैसे परत मिळवून देणं हे त्याचं मुख्य काम नाही. सोडून द्या.

ग्राहक आयोगात जायचंच असेल तर शाळेवर नको, दुकानदारावर जा. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली ‘सेवा’ देतात का, यावर न्यायालयांचा कल गेली कित्येक वर्षं संस्थांच्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये तसंच ठरवलं. शाळेला पहिला प्रतिपक्ष केलंत तर वर्षभर याच मुद्द्यावर तारखा पडतील. दुकानदाराचं तसं नाही, त्याने तुम्हाला कपडा विकला आणि पैसे घेतले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘परत घेत नाही’ अशी पाटी लावल्याने कायदा बदलत नाही. शर्ट हवा तर मोजे-टाय-पिशवीही घ्या, हे कलम २(४१) मधल्या निर्बंधक व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बसतं.

फक्त स्कर्ट आणि शर्ट यांत फरक करा. रंग जाणं हा दोष आहे. शर्ट आखूड निघाला म्हणजे दोष असेलच असं नाही. लेबलवरचं माप आणि प्रत्यक्ष माप जुळत नसेल किंवा पहिल्या धुण्यात कापड आटलं असेल, तरच तो मुद्दा टिकेल. निव्वळ चुकीचं माप घेतलं गेलं असेल तर त्यावर हट्ट धरू नका, स्कर्टची बळकट तक्रारही त्याने पातळ होते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरेच विक्रेते तिथेच बदलून देतात. नाहीच दिलं तर दुकानदाराला नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात जा. पूर्वी आपण त्याला मंच म्हणायचो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्या लहान रकमेला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लागतोच असंही नाही. माझा धंदा बुडेल, पण खरं ते सांगायला हवं. चिठ्ठीवर नाव नाही म्हणून घाबरू नका. पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेच्या नोंदीत कुणाच्या खात्यात गेले ते दिसेल. रोख दिले असतील तर त्या दिवशी रांगेत तुमच्यासोबत असलेल्या दोन पालकांची प्रतिज्ञापत्रं चालतील.

ग्रुपवर मात्र ‘मुख्याध्यापक कमिशन खातात’ वगैरे लिहू नका. कदाचित खरंही असेल, पण पुराव्याशिवाय लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालची बदनामीची तक्रार तुमच्यावरच येईल आणि तक्रारदाराची आरोपी व्हाल. मुलांच्या त्रासाबद्दल म्हणाल, तर तुमचं नाव सह्यांच्या यादीत सातव्या-आठव्या नंबरवर असू द्या, पहिल्यावर नको.

आणि तो स्कर्ट पुन्हा धुऊ नका. ग्राहक आयोगाला तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतो. आहे तसा, लेबल आणि त्या चिठ्ठीसकट, एका पिशवीत बांधून ठेवा आणि पिशवीवर आजची तारीख घाला.