फोन कोणाचा होता, हे आधी विचार

प्रिय नव्या शिक्षिकेस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सहावीचा वर्ग हाती आला, पहिले सत्र संपत आले आणि अजूनही वर्गातील जवळजवळ निम्म्या मुलांना जोडाक्षरे अडतात, हातच्याची वजाबाकी चुकते आणि प्रश्न विचारला की ती खाली मान घालून बसतात, असे तू लिहिले आहेस. शाळेत या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणतात आणि त्यांच्यावर फार वेळ घालवू नकोस असे तुला सांगण्यात आले, हे वाचून मला वाईट वाटले. तू स्वतः 2021 च्या बारावीची आहेस. परीक्षा रद्द झाली, दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांना अनुक्रमे 30, 30 आणि 40 टक्के भार देऊन तुमचा निकाल तयार झाला, राज्याचा निकाल 99.63 टक्के लागला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस जो तो तुम्हाला बिनपरीक्षेचे म्हणून हिणवत राहिला. तो शब्द किती लागतो हे तुला ठाऊक आहे. तुझ्या वर्गात तो कोणाच्याही तोंडून निघू देऊ नकोस.

आता या मुलांच्या वाट्याला नेमके काय आले, त्याचा हिशेब शांतपणे मांडून पाहा. 2025-26 मध्ये सहावीत असलेल्या मुलाचे नाव 2020 च्या जूनमध्ये पहिलीत दाखल झाले. उन्हामुळे आपल्या विदर्भातील शाळा तशाही जूनअखेर उघडतात. त्या वर्षी त्या उघडल्याच नाहीत. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून आणि पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून सुरू करण्याची परवानगी मिळाली, पण महिनाभरातच, 22 फेब्रुवारीपासून, अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली आणि आपल्या भागातील मुले परत घरी बसली. पहिली ते चौथीच्या मुलांना तर 1 डिसेंबर 2021 पर्यंत थांबावे लागले, आणि जानेवारी 2022 मध्ये तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा काही आठवडे दार बंद झाले. म्हणजे तुझ्या वर्गातील मूल शाळेच्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा ते अर्धी दुसरी ओलांडून गेले होते. पहिलीची परीक्षा झाली नाही आणि सगळे पुढच्या वर्गात गेले. जुलै 2021 मध्ये मागच्या इयत्तेच्या उजळणीचा 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही या मुलांनी घरीच सोडवला. जोडाक्षरांचे वाचन आणि हातच्याची गणिते आपण कोणत्या इयत्तांत पक्की करून घेतो, ते आठव. तुझी मुले जिथे अडतात, ती जागा आणि शाळेचे दार बंद असण्याचा काळ एकच आहे.

हे तुझ्याच गावात घडलेले नाही. ‘असर’ या ग्रामीण भागातील मुलांच्या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत 2018 साली तिसरीतील 27.3 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. 2022 साली ते प्रमाण 20.5 टक्क्यांवर आले. 2022 साली तिसरीत असलेली मुले म्हणजे तुझ्या वर्गातलीच पिढी. 2024 च्या पाहणीत तिसरीचे प्रमाण पुन्हा 27 टक्क्यांच्या आसपास आले, पण ती त्यांच्या मागून आलेली, पहिलीपासून शाळा मिळालेली मुले होती. तुझी मुले तेव्हा पाचवीत होती आणि देशभरातील पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. तू लिहिलेले ‘निम्मी’ हे प्रमाण त्याच्याशी किती जुळते ते बघ. यात तुझ्या शिकवण्याचा दोष शोधत बसू नकोस, आणि मुलांच्या बुद्धीचा तर मुळीच शोधू नकोस.

पण सरासरीवरून एकेक मूल कळत नाही. त्यासाठी प्रत्येकाला, एकट्याला गाठून, सहज गप्पांच्या ओघात एक प्रश्न विचार : शाळा बंद होती तेव्हा घरातला फोन कोणाचा होता आणि तो तुझ्या हातात केव्हा यायचा? माझ्या मते दूरस्थ शिक्षणाचा मुलांना आलेला सगळा अनुभव या एका प्रश्नात सामावलेला आहे.

याच पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण 2018 च्या 36.5 टक्क्यांवरून 2020 मध्ये 61.8 टक्क्यांवर गेले होते, आणि त्या आकड्याचा तेव्हा बराच गौरवही झाला. आपल्या गावांत तो फोन बापाचा असे. सकाळी सहाला बाप वावरात निघाला की फोन त्याच्या खिशातून धुऱ्यावर जायचा, आणि दहा वाजता आम्ही पाठवलेला पाठ डवरणी करणाऱ्या माणसाच्या खिशात वाजायचा. संध्याकाळी बाप परतला की आधी बारावीतल्या दादाचा तास, मग नववीतल्या ताईचा गृहपाठ, आणि पहिलीतल्या पोराची पाळी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असे किंवा ते पोर झोपलेले असे. रिचार्ज संपला तर कापसाचे पैसे हाती येईपर्यंत वाट पाहावी लागे. मेळघाटात किंवा भामरागडकडे तर फोन असूनही रेंजसाठी टेकडी चढावी लागे, आणि आश्रमशाळेतून मार्चमध्ये पाड्यावर परतलेल्या मुलांपर्यंत कितीतरी महिने कोणाचाच आवाज पोहोचला नाही. ज्या घरात आई-वडील दोघेही मजुरीला जात आणि फोन साधा, बटणांचा होता, त्या घरातील मुलासाठी शाळा त्या दिवसांत अस्तित्वातच नव्हती. म्हणून एकाच वर्गात बसलेल्या, एकाच वयाच्या दोन मुलांमध्ये तुला दोन-दोन, तीन-तीन इयत्तांचे अंतर दिसते.

ज्यांच्यापर्यंत पाठ पोहोचला, त्यांच्यापर्यंत तो कसा पोहोचला हेही पाहण्यासारखे आहे. आम्ही शिक्षक गटागटाने गावात जाऊन ओसरीवर, मंदिराच्या सभामंडपात मुले बसवत असू, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. अक्षर इतके वळणदार की कोणीही शाबासकी द्यावी. तिने फोनवर आलेल्या पाठाचे पान जसेच्या तसे उतरवले होते, आणि त्या पानाच्या वर, कोपऱ्यात, फोनवर दिसणारी वेळ आणि बॅटरीची टक्केवारीही तितक्याच मन लावून लिहिली होती. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितले, तेव्हा तिला एकही शब्द वाचता आला नाही. तिने दिलेले काम प्रामाणिकपणे केले होते; दिसेल ते उतरवणे म्हणजे अभ्यास, एवढेच तिला त्या पडद्याने शिकवले होते. तुझ्या वर्गातही सुबक वह्यांची मुले असतील. वहीवर लाल शेरा मारण्याआधी त्यांना शेजारी बसवून दोन ओळी मोठ्याने वाचून घेत जा. वर्गात सगळे एका सुरात पाठ म्हणतात तेव्हाही अशी मुले सुरात सूर मिसळून निभावून नेतात.

त्या काळातील प्रयत्नांना मी कमी लेखत नाही. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, ती मला मनापासून आवडली होती, कारण तिला फोन लागत नव्हता आणि घरातल्या वस्तू घेऊन मुलाने काहीतरी करून पाहावे असा तिचा आग्रह होता. भारनियमनाने मध्येच घात केला नाही तर आजीसुद्धा नातवाबरोबर ती बघायची. ‘स्वाध्याय’ उपक्रमात व्हॉट्सअॅपवर आठवड्याचे प्रश्न येत आणि पर्याय निवडून उत्तरे द्यावी लागत; पण उत्तर मुलाने निवडले की शेजारी बसलेल्या मोठ्या भावंडाने, हे कळायला मार्ग नव्हता. शिक्षकही एकाच जागी नव्हते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणासाठी आम्ही घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरत होतो आणि रात्री दुसऱ्या दिवसाचा पाठ तयार करत होतो.

प्रश्न विचारला की मुले मान खाली घालतात, असे तू लिहिलेस, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पहिलीतले मूल शाळेत अक्षरांच्या आधी एक गोष्ट शिकते : न कळणे. आपल्याला कळले नाही हे चारचौघांत दाखवायचे, शेजारच्याच्या पाटीत डोकावायचे, चुकीचे उत्तर देऊन सगळ्यांबरोबर हसायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. शिक्षकाचे डोळे मुलाच्या कपाळावरची आठी टिपतात आणि मूल बोलायच्या आधीच शिक्षक फळ्याकडे वळून दुसरे उदाहरण देतो. फोनवर हे काहीच होत नव्हते. तुमच्या बारावीच्या तासाला माइक बंद, कॅमेरा बंद, आणि मधूनच सरांचा ‘आवाज येतोय ना?’ एवढा एकच प्रश्न असे, त्याला सगळे ‘हो सर’ लिहून मोकळे होत असत, हे तूच मला सांगितले होतेस. सतरा वर्षांच्या तुम्हाला जिथे शंका विचारता आली नाही, तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांना गप्प राहून वेळ काढण्याचीच सवय लागली, आणि ती सवय शाळा उघडल्यावर आपोआप गेली नाही. तिच्यावर रागावून उपयोग होत नाही. वर्गात चुकीच्या उत्तराला जागा दे. एखाद्याने चुकीचे उत्तर दिले तर ‘हे उत्तर तुला कसे सुचले?’ एवढेच विचार आणि तो सांगेपर्यंत थांब. फळ्याजवळचा हा थांबलेला अर्धा मिनिट नव्या शिक्षकाला फार लांब वाटतो, पण तो थांबावाच लागतो.

आणि ती दोन वर्षे कोरी गेली असेही समजू नकोस. मुले निंदणाला गेली, ढोरे राखली, वेचणीच्या दिवसांत आईच्या बरोबरीने कापूस वेचला. काट्यावर सदतीस किलो भरले आणि किलोमागे आठ रुपये भाव असला, तर आईचे पैसे किती होतात हे तोंडी सांगणारा मुलगा मी पाहिला आहे. तीस आठे दोनशे चाळीस, वर सात आठे छप्पन्न, असे तोडून तो दोनशे शहाण्णववर येत असे. तोच गुणाकार उभा मांडून दिला की त्याचा हातचा हरवायचा. अशा मुलाला गुणाकार येत नाही असा शेरा देणे अन्यायाचे आहे. त्याला डोक्यातले गणित कागदावर कसे उतरवायचे ते दाखव. आधी त्याच्या पद्धतीने तोडून मांडू दे, मग उभ्या मांडणीत तेच कसे घडते ते त्याच्या आकड्यांवरच समजावून दे.

कामाची पद्धत म्हणशील तर मी एवढेच सुचवीन. एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या क्रमाने वाचायला दे आणि ते कुठे अडते ते स्वतःच्या वहीत टिपून ठेव. ती वही मुलांना दाखवू नकोस. मग रोजचा एक तास सहावीचे पुस्तक बाजूला ठेवून, जिथे अडले तिथल्या मुलांचे गट करून शिकव. उरलेल्या तासांत मात्र सर्वांना सहावीचेच शिकव. मागे राहिलेल्या मुलाला दिवसभर मुळाक्षरांत अडकवून ठेवले तर बरोबरीच्या मुलांत तो पुन्हा एकटा पडतो. अभ्यासक्रम अपुरा राहील ही तुझी भीती मला समजते. पण वाचता न येणाऱ्या मुलापुढून पुस्तकाची पाने उलटत गेली, तर तो अभ्यासक्रम फक्त शिक्षकाचा पूर्ण होतो.

गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकण्याची सवय त्या काळापासून पुष्कळ शाळांत टिकून राहिली आहे. ती तुझ्या वर्गापुरती बंद कर. फोन आजही बापाच्याच खिशात असतो. गृहपाठ फळ्यावर लिहून दे, वहीत उतरवून घे, आणि तो मुलाला वाचता येतो याची खात्री करूनच त्याला घरी सोड.

एक नाजूक गोष्ट आहे. त्या दोन वर्षांत काही मुलांनी आई किंवा वडील गमावले, काहींच्या मोठ्या बहिणींची शाळा सुटली ती कायमची, आणि त्या बहिणींपैकी काहींची लग्ने माणसे कमी जमवावी लागतात आणि खर्च वाचतो म्हणून वयाआधीच उरकली गेली. फोनविषयी विचारताना असे काही निघाले, तर तिथेच थांब, वर्गासमोर त्याची वाच्यता करू नकोस, आणि त्या घरी एकदा स्वतः जाऊन ये.

दिवाळी झाली की वेचणी ऐन भरात येईल आणि तुझी पटावरची हजेरी घसरेल, त्यामुळे वाचनाची पडताळणी आणि गट पाडणे हे सुट्टी लागण्यापूर्वीच उरकून घे. पालकसभा दुपारी ठेवशील तर वृद्ध माणसांखेरीज कोणी येणार नाही. ती संध्याकाळी सातनंतर, जेवणाआधी ठेव, आणि आयांना आवर्जून बोलाव. पडताळणी झाली की तुझ्या नोंदी घेऊन रविवारी माझ्याकडे ये, गट कसे पाडायचे ते आपण बसून ठरवू.

तुझे,
गुरुजी