‘अँड-ऑर’वर भागवू नका, कंडिशनल एक्स्प्रेशन व्याकरणातच घ्या

तुमची पोस्ट वाचली. सूत्रं लिहायच्या तुमच्या छोट्या भाषेत एका ओळीतलं इफ-एल्स, म्हणजे अटीनुसार दोनपैकी एक किंमत देणारं कंडिशनल एक्स्प्रेशन हवंय, आणि टीम म्हणते, ‘अट अँड क ऑर ख’ लिहिलं की झालं, नवा सिंटॅक्स कशाला? हेच उत्तर आम्हाला एका डिझाइन समितीने दिलं होतं आणि ते आम्हाला फार महागात पडलं. पार्सर (लिहिलेलं सूत्र वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) तुम्हाला येतोच, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आमचं सूत्र होतं ‘नोंद_आहे अँड नोंद ऑर सरासरी’. नोंद 12 असेल तर 12 मिळतात, नोंदच नसेल तर सरासरी. पण नोंद 0 असली की अँडचं उत्तर 0 येतं, 0 खोटं धरलं जातं, ऑर पुढे सरकतो आणि खऱ्या शून्याच्या जागी सरासरी बसते. ना एरर, ना वॉर्निंग. बंद पडलेली यंत्रं अहवालात कित्येक महिने चालू दिसत होती! पुरावे समोर ठेवले तरी समितीचं पालुपद एकच, ‘वापरणाऱ्याने काळजी घ्यावी’. त्याचा राग अजून गेलेला नाही. पायथनमध्ये 2003 साली पीईपी 308 वर (कंडिशनल एक्स्प्रेशन आणण्याच्या प्रस्तावावर) मतदान होऊनही एकमत झालं नव्हतं. अँड-ऑरच्या असल्याच चुका होत राहिल्या, तेव्हा कुठे 2006 मध्ये 2.5 आवृत्तीत ही सोय आली.

रूबीत 0 खरा धरतात, पण तिथेही ‘क’ची किंमत निल (‘काहीच नाही’) किंवा फॉल्स आली की हीच गत.

‘इफ(अट, क, ख)’ असं साधं फंक्शनही नको. आर्ग्युमेंट्स (कंसात दिलेल्या किमती) आधीच मोजली जात असतील तर ‘भाजक 0 असेल तर 0, नाहीतर भागाकार’ हे सूत्र भागाकारावरच कोसळेल. निवडलेली बाजू तेवढीच मोजली गेली पाहिजे, आणि ते काम व्याकरणाचं.

सिंटॅक्सबद्दल माझं मत (आमचा अनुभव इंटरप्रेटरपुरता, कंपायलरवाल्यांचं वेगळं असू शकेल): रस्ट, कोटलिनसारखं इफलाच एक्स्प्रेशन करा आणि किंमत हवी तिथे एल्स सक्तीचं ठेवा. प्रश्नचिन्ह-कोलनच (‘अट ? क : ख’) घेणार असाल तर एकात एक लिहिलेल्या अटींचे गट उजवीकडून पाडा. पीएचपीने ते डावीकडून पाडले होते, शेवटी 8.0 मध्ये तसं एकात एक लिहिताना कंस सक्तीचे करावे लागले.

टेस्टमध्ये ‘खऱ्या’ बाजूला 0, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी आणि फॉल्स, चारही ठेवून पाहा. टीमला दाखवायला तेवढं पुरेल.