प्रतिपिंड औषधाची शुद्धता तपासताना जेलऐवजी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस का वापरतात?

इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विद्युतदाबाने प्रथिने वेगळी करणे; ते जेलच्या थरात केल्यास जेलवर पट्टी दिसते. परंतु ती नेमकी किती टक्के, हे रंग किती चढला आणि किती उतरला यावर अवलंबून राहते. कॅपिलरीत एसडीएस (प्रथिनांना ऋण विद्युतभार देणारे साबणासारखे रसायन) लावलेली प्रथिने साधारण 50 मायक्रॉन आतील व्यासाच्या नळीतून, हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाखाली, आकारानुसार पुढे सरकतात आणि 220 नॅनोमीटरवरील शोषणातून थेट आकडा मिळतो. प्रतिपिंडाच्या साखळ्या जोडणारे डायसल्फाइड बंध तोडल्यास सुमारे 25 किलोडाल्टनची हलकी व 50 किलोडाल्टनची जड साखळी वेगळी दिसते; शिवाय जड साखळीच्या किंचित आधी आलेखात एक छोटे शिखर उमटते, ते शर्करा न जोडल्या गेलेल्या जड साखळीचे. जेलवर ही दोन्ही बहुधा एकाच पट्टीत मिसळून जातात, आणि माझ्या मते पद्धत बदलण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

बंध न तोडता तपासायचे असेल, तर नमुना तापवण्यापूर्वी मोकळ्या सल्फर-गटांना अडवून बंध तुटू न देणारे रसायन, आयोडोअ‍ॅसिटामाइड घालण्यास विसरू नये. वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका प्रयोगशाळेत मी ते एकदा विसरलो, तेव्हा चांगल्या नमुन्यातही तुकड्यांची शिखरे दिसली आणि दोष औषधाचा की माझा, हे शोधण्यात अख्खी दुपार गेली. विद्युतभारातील फरक पाहण्यासाठी मात्र ही पद्धत उपयोगाची नाही. तेथे कॅपिलरीतच समविद्युत बिंदूनुसार, म्हणजे ज्या पीएचला प्रथिनाचा एकूण विद्युतभार शून्य होतो त्यानुसार, पृथक्करण करता येते.